क्रीममधले 'अल्कोहोल' : देवमाशापासून पामतेलापर्यंत

तान्ह्या बाळाच्या कोरड्या त्वचेसाठी डॉक्टरांनी मलम लिहून दिले. घरी आल्यावर सहज म्हणून नळीवरील घटकांची यादी वाचली, तर पाण्याखालोखाल 'सेटोस्टिअरिल अल्कोहोल' असे नाव. पालकांच्या मनात पाल चुकचुकते. बाळाच्या अंगाला अल्कोहोल कसे लावायचे? त्याने त्वचा आणखी कोरडी पडणार नाही का? काही घरांत यापुढे धार्मिक शंकाही उपस्थित होते. परिणामी मलम कपाटात पडून राहते आणि बाळाची खाज तशीच राहते.

ही भीती अनाठायी आहे. पण ती वाटण्यात वाचणाऱ्याची चूक नाही. चूक आहे ती नावातील साम्याची. सेटिल अल्कोहोल आणि त्याची भावंडे ही पदार्थांची एक वेगळीच जात असून, सकाळच्या शाम्पूपासून रात्रीच्या कोल्ड क्रीमपर्यंत ती आपल्या सोबत असतात. या पदार्थाची ओळख, त्याचा रंजक इतिहास, त्याचे उपयोग आणि त्याबाबत घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

नाव एक, स्वभाव दोन

रसायनशास्त्रात 'अल्कोहोल' हे एका पदार्थाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडगोळी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, विशिष्ट प्रकारे जोडलेला असला की तो पदार्थ अल्कोहोल कुळात मोडतो. दारूत असते ते इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क. त्याच्या साखळीत कार्बनचे अवघे २ अणू असतात. सेटिल अल्कोहोलच्या साखळीत ते १६ असतात. आडनाव एकच असले, तरी या लांबीने दोघांचा स्वभाव पार बदलून टाकला आहे.

इथेनॉल पाण्यात कितीही मिसळते, ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्वचेवर लावताच उडून जाते. उडताना ते त्वचेवरील स्निग्धांशही विरघळवते. म्हणूनच सॅनिटायझर वारंवार वापरल्यावर हात खरखरीत होतात. सेटिल अल्कोहोल याच्या नेमके उलट वागते. ते पांढऱ्या, मेणचट पापुद्र्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळते, त्याला वास जवळपास नसतो, पाण्यात ते विरघळत नाही आणि सुमारे ४९ अंश सेल्सिअसला वितळते. ते त्वचेवरून उडून जात नाही, तर पातळ थराच्या रूपाने तेथेच राहते. त्याने नशा चढत नाही, आणि ते धान्य किंवा मळी आंबवून तयार केले जात नाही.

या कुळातील लांब साखळीच्या सदस्यांना 'मेदजन्य अल्कोहोल' असे म्हणतात, कारण ती मुख्यतः तेले व चरबी यांपासून मिळतात. १२ कार्बनचे लॉरिल, १४ चे मिरिस्टिल, १६ चे सेटिल, १८ चे स्टिअरिल आणि २२ चे बिहेनिल अशी ही भावंडे आहेत. सेटिल आणि स्टिअरिल यांच्या मिश्रणाला 'सेटोस्टिअरिल' किंवा 'सेटेरिल' अल्कोहोल म्हणतात. मलमे आणि कंडिशनर यांत बहुधा हे मिश्रणच वापरले जाते.

देवमाशाच्या डोक्यातले मेण

'सेटिल' हा शब्द लॅटिनमधील 'सेटस' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ देवमासा. स्पर्म व्हेल या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याच्या डोक्यात 'स्पर्मासेटी' नावाचा मेणासारखा पदार्थ मोठ्या प्रमाणात असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेवरल यांनी १८१७ मध्ये हे मेण पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापविले. मिश्रण थंड झाल्यावर पांढरे पापुद्रे हाती आले. शेवरल यांनी 'ईथर' आणि 'अल्कोहोल' या शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याला 'एथाल' असे नाव दिले. पुढे १८३६ मध्ये ड्यूमा आणि पेलिगो या शास्त्रज्ञांनी हा पदार्थ अल्कोहोल कुळातीलच असल्याचे दाखवून दिले. तेले आणि चरबी यांच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारे शेवरल १०२ वर्षे जगले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.

स्पर्मासेटीच्या मेणबत्त्या स्वच्छ आणि एकसारख्या उजेडासाठी प्रसिद्ध होत्या. इतक्या, की इंग्लंडमध्ये १८६० च्या कायद्याने प्रकाशाच्या तीव्रतेचे माप ठरविताना ठरावीक वजनाच्या आणि ठरावीक वेगाने जळणाऱ्या स्पर्मासेटीच्या मेणबत्तीचाच आधार घेण्यात आला. 'कँडलपॉवर' हा शब्द तेथून रूढ झाला. पण या उजेडाची आणि तेलाची किंमत स्पर्म व्हेलने मोजली. १९ व्या आणि २० व्या शतकांत या प्राण्याची बेसुमार शिकार झाली. अखेर आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय घेतला आणि १९८६ पासून तो अमलात आला.

कोकण किनाऱ्यावर ज्याच्या तस्करीच्या बातम्या अधूनमधून येतात, ती 'व्हेलची उलटी' म्हणजे अंबरग्रीस हा वेगळा पदार्थ आहे. तोही स्पर्म व्हेलपासूनच मिळतो, मात्र तो आतड्यात तयार होतो. स्पर्मासेटी डोक्यात असते. स्पर्म व्हेल हा भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी असून अंबरग्रीसचा व्यापार हा येथे गुन्हा आहे.

आजचे सेटिल अल्कोहोल कोठून येते?

आज बाजारात मिळणाऱ्या सेटिल अल्कोहोलचा देवमाशाशी संबंध केवळ नावापुरता उरला आहे. त्याचा मुख्य स्रोत पामतेल हा आहे. पामतेलातील मेदाम्लांत १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाचे प्रमाण सुमारे ४४ टक्के असते. म्हणजे हव्या त्या लांबीची साखळी तेथे आयतीच मिळते. खोबरेल तेलात मात्र १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचे प्राबल्य असते, त्यामुळे ते लॉरिल अल्कोहोलसाठी अधिक सोयीचे ठरते. तेलातील मेदाम्ले अथवा त्यांची मिथाइल एस्टरे उच्च दाबाखाली उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनबरोबर संयोग पावतात व अल्कोहोल तयार होते. नंतर ऊर्ध्वपातनाने वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या वेगळ्या केल्या जातात.

दुसरा मार्ग खनिज तेलाचा. नोबेल पारितोषिकाचे मानकरी, जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांनी शोधलेल्या पद्धतीत इथिलीन वायूचे रेणू ॲल्युमिनियमच्या संयुगाच्या मदतीने एकापुढे एक जोडून लांब साखळी तयार करतात. दोन्ही मार्गांनी मिळणारा रेणू एकच. प्राणिज चरबीपासूनही हे अल्कोहोल बनविता येते. त्यामुळे ज्यांना शाकाहाराचा कटाक्ष पाळायचा आहे, त्यांना केवळ घटकाच्या नावावरून स्रोत कळत नाही. उत्पादकाकडे विचारणा करणे किंवा वेष्टनावर वनस्पतिजन्य असल्याचा उल्लेख आहे का हे पाहणे, हाच मार्ग उरतो.

पामतेलाने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा उभा केला. जगातील बहुतांश पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते व तेथील पाम लागवडीसाठी वर्षावने तोडली गेली. ओरांगउटानचा अधिवास आक्रसला. जबाबदार लागवडीला उत्तेजन देण्यासाठी २००४ मध्ये 'शाश्वत पामतेल गोलमेज' ही संस्था स्थापन झाली. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे रोखली, तेव्हा स्वयंपाकघरातील तेलाबरोबरच साबण व सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांनाही त्याची झळ जाणवली. देवमाशाची सुटका झाली. पण निसर्गावरचा भार केवळ समुद्रातून जंगलात गेला, असे म्हणावे लागते.

क्रीम घट्ट कसे राहते?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि उन्हाळ्यात ते पाण्यासारखे वाहते, हा घरोघरचा अनुभव. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते. निव्वळ त्याच्या जोरावर बनविलेले क्रीम नागपूरच्या मे महिन्यात डबीत टिकणार नाही. सेटिल अल्कोहोलचा वितळणबिंदू ४९ अंशांच्या आसपास असल्याने ते क्रीमला अंग देते, आणि तरीही बोटाच्या दाबाखाली ते मऊपणे पसरते.

याहून महत्त्वाचे काम तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळविण्याचे. या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर लांब शेपूट तेलात रमते. मात्र एकट्याने हे काम करण्याइतका तो समर्थ नाही. सोबतीला सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सेटोमॅक्रोगोल यांसारखा जोडीदार लागतो. दोघे मिळून पाण्यात पातळ पापुद्र्यांचे थरावर थर रचतात आणि त्या थरांमध्ये पाणी अडकून राहते. क्रीमचा दाटपणा येतो तो मुख्यतः या जाळ्यामुळे. ब्रिटिश औषधकोशातील 'इमल्सिफाइंग वॅक्स' याच तत्त्वावर बनते : ९० टक्के सेटोस्टिअरिल अल्कोहोल आणि १० टक्के सोडियम लॉरिल सल्फेट. त्यात पांढरे मऊ पॅराफिन आणि द्रवरूप पॅराफिन मिसळले की 'इमल्सिफाइंग ऑइंटमेंट' तयार होते.

क्रीम किंवा मलमात सेटिल अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे २ ते १० टक्के असते. त्वचेवर लावल्यानंतर क्रीममधील पाणी हळूहळू उडते व मागे स्निग्ध थर राहतो. त्वचेतून सतत बाहेर पडणारी वाफ हा थर काही प्रमाणात अडवितो आणि त्वचा मऊ राहते. म्हणजे हे अल्कोहोल त्वचा कोरडी करीत नाही, उलट ओलावा राखण्यास हातभार लावते.

केसांवर काय घडते?

ऊन, रंग, सरळ करण्याची रसायने आणि वारंवार धुणे यांमुळे केसांचा पृष्ठभाग झिजतो व त्यावर ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमध्ये धन भाराची संयुगे असतात. ती केसांना चिकटतात आणि सोबत सेटिल किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोलचा थर बसवितात. केसाकेसांमधील घर्षण कमी होते, कंगवा अडकत नाही आणि केस तुटण्याचे प्रमाण घटते. कंडिशनरचा जाड, रेशमी लगदा तयार होतो तोही बव्हंशी याच जोडीमुळे. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच सेटेरिल अल्कोहोल आढळते, त्याचे कारण हेच.

याच कुळातील लॉरिल अल्कोहोलने साफसफाईच्या जगातही क्रांती केली. मेदजन्य अल्कोहोलवर सल्फेटची प्रक्रिया केली की फेस देणारे क्षालक तयार होते. अमेरिकेत १९३३ मध्ये या प्रकारच्या क्षालकावर आधारित 'ड्रेफ्ट' ही धुलाईची पावडर आणि १९३४ मध्ये 'ड्रीन' हा शाम्पू बाजारात आला. कठीण पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका मात्र बसतो. या नव्या क्षालकांना ती अडचण नव्हती. बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या उपनगरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जखम धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेट्रिमाइड या जंतुनाशकाच्या नावातही 'सेटिल'चा अंश डोकावतो.

नवजातांच्या श्वासासाठी

सौंदर्यप्रसाधनांपलीकडे या पदार्थाने एक मोठे काम केले आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसांत वायुकोश उघडे ठेवणारा नैसर्गिक स्राव पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटू लागतात. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचे बाळ ऑगस्ट १९६३ मध्ये याच विकाराने दोन दिवसांत दगावले. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये या विकाराचे मूळ स्रावाच्या अभावात असल्याचे दाखविले होते, पण उपचार हाती नव्हता.

या स्रावाचे मर्म उलगडणाऱ्या जॉन क्लेमेंट्स यांनी पुढे एक कृत्रिम पर्याय तयार केला. त्यातील मुख्य घटक फुप्फुसांतील नैसर्गिक मेदद्रव्यच होते, मात्र ते एकटे वायुकोशात झटकन पसरत नसे. ते पसरविण्याची कामगिरी सेटिल अल्कोहोलवर सोपविण्यात आली. 'एक्सोसर्फ' या नावाच्या या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये मान्यता दिली. पुढे प्राण्यांच्या फुप्फुसांपासून मिळविलेल्या अधिक प्रभावी औषधांनी त्याची जागा घेतली. तरीही ज्या पदार्थाच्या नावाला पालक बिचकतात, तोच एके काळी नवजातांच्या फुप्फुसांत थेट दिला जात होता, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

धरणांवर रेणूंची चादर

सेटिल अल्कोहोल पाण्यावर टाकले की त्याचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात व एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो. हा थर पाण्याच्या वाफेला अडवितो. प्रत्येक रेणू साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. हिशेब केला तर १ हेक्टर पाणी झाकायला तत्त्वतः अवघे २० ग्रॅम पुरतात! सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या जायकवाडीच्या नाथसागराला ७०० किलो, म्हणजे एका लहान टेम्पोत मावेल इतका माल.

ही कल्पना १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जलाशयांवर आजमावली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही लांब साखळीच्या अल्कोहोलांवर व त्यांच्यापासून बनविलेल्या संयुगांवर या दृष्टीने संशोधन झाले. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी पुरवावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना अशा संशोधनाचे मोल पटेल. मात्र कागदावरचा हिशेब उघड्या पाण्यावर टिकत नाही. वारा हा थर ढकलत काठाला नेतो, लाटा तो फाडतात, जिवाणू तो फस्त करतात. थर पुनःपुन्हा घालावा लागतो व खर्च वाढतो. म्हणूनच मोठ्या जलाशयांवर हा उपाय सर्रास रुजला नाही.

कितपत सुरक्षित?

सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १९८८ मध्ये सेटिल, सेटेरिल, मिरिस्टिल व बिहेनिल ही अल्कोहोले प्रचलित वापरात सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. तथापि, 'सुरक्षित' याचा अर्थ 'प्रत्येकाला सदैव मानवणारे' असा होत नाही. पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

क्वचित काही जणांना सेटोस्टिअरिल अल्कोहोलची ॲलर्जी होते. पायावरील जुनाट जखमा किंवा दीर्घकालीन इसब यांसाठी वर्षानुवर्षे मलमे लावणाऱ्यांत तिची शक्यता अधिक असते. मलम लावूनही पुरळ वाढत असेल, तर मात्रा वाढविण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पॅच टेस्टने नेमका दोषी घटक कळू शकतो.

अनेकदा दोष जोडीदाराचा असतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये 'ॲक्वियस क्रीम'मुळे, विशेषतः इसब असलेल्या मुलांना, चुरचुर होऊ शकते असा इशारा दिला. त्यात संशयाची सुई सोडियम लॉरिल सल्फेटकडे होती.

मलमातील सेटोस्टिअरिल अल्कोहोल हे बहुधा केवळ वाहक असते. औषध वेगळे असते. गोरेपणासाठी किंवा गजकर्णावर म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात स्टेरॉइड असेल, तर त्वचा पातळ होणे, लाली, लव वाढणे असे दुष्परिणाम होतात. 'अल्कोहोल' शब्दाला घाबरून योग्य मलम टाकून द्यायचे आणि स्टेरॉइडचे नाव न वाचता दुसरे लावायचे, हा सौदा महागात पडतो.

आणखी एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्निग्ध मलमे कपड्यांत, चादरीत किंवा जखमेच्या पट्टीत मुरली की ते कापड चटकन पेट घेते. ब्रिटिश नियामकांनी २०१८ मध्ये हा इशारा पॅराफिन नसलेल्या मलमांनाही लागू केला. अंगभर मलम लावणाऱ्या व्यक्तीने देवघरातील निरांजन, गॅसची शेगडी आणि विडी-सिगारेट यांपासून दूर राहावे आणि कपडे वरचेवर धुवावेत. गरम पाण्यानेही कपड्यातील स्निग्धांश पूर्णपणे जाईलच असे नाही.

वेष्टन कसे वाचावे?

भारतातील नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याखालचे घटक नंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. यादी वाचताना पुढील फरक ओळखता आला तरी पुरे.

* सेटिल, स्टिअरिल, सेटेरिल, सेटोस्टिअरिल, बिहेनिल : मेदजन्य अल्कोहोल. त्वचा मऊ ठेवणारी.
* इथेनॉल, अल्कोहोल डिनॅट, एसडी अल्कोहोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल : उडून जाणारी. यादीत वरच्या स्थानी असतील, तर कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी टाळावीत.
* बेंझिल अल्कोहोल : मुख्यतः परिरक्षक म्हणून अल्प प्रमाणात.
* लॅनोलिन अल्कोहोल : मेंढीच्या लोकरीतील मेणापासून. प्राणिज स्रोत, काहींना ॲलर्जी.

'अल्कोहोल-फ्री' असे ठळकपणे छापलेल्या बाटलीवरही सेटिल अल्कोहोल सापडू शकते. यात लबाडी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या स्पष्टीकरणानुसार सौंदर्यप्रसाधनांच्या संदर्भात या शब्दाचा रूढ अर्थ 'इथेनॉलविरहित' एवढाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बाळाच्या मलमावर हे नाव दिसले तर दचकण्याचे कारण नाही. शंका असल्यास डॉक्टरांना जरूर विचारावे, परंतु नुसत्या नावावरून उपचार थांबवू नयेत. १६ कार्बनचे हे साधे मेण आहे. काळजीपूर्वक वाचायचा आहे तो त्याच्या शेजारी लिहिलेला औषधाचा घटक.